हौसाच्या केसांतली हरळी

एकदा काय झालं, एका नदीकाठी दोन जावा राहायच्या. थोरली हौसा, धाकटी बायजा. थंडीत नदीचं पाणी ओसरलं की दोघी शेजारी-शेजारी कलिंगडं लावायच्या. मधे नुसता एक बांध.

बायजाची वाडी कशी? तर तळहातासारखी स्वच्छ! गवताची काडी नाही. रोज सूर्य उगवायच्या आत खुरपं घेऊन बसायची ना ती. तिची कलिंगडं घागरीएवढी. आणि हौसाची? नारळाएवढी, बरं का. येणारा-जाणारा बांधावर थांबायचा नि म्हणायचा, "वा बायजा, वा!" ते ऐकलं की हौसाच्या घशाखाली भाकरी उतरेना.

मग एका दुपारी सगळे जेवून लवंडले होते, तेव्हा तिनं काय केलं? पदरात हरळीच्या काश्या, म्हणजे त्या चिवट गवताच्या मुळ्या, घेतल्या नि बायजाच्या वाडीत खोचून आली. म्हणाली, "आता बघू कोण वा म्हणतं!"

सकाळी बघते तर बायजाची वाडी स्वच्छच. आणि हौसाच्या उंबऱ्यावर हरळी! लाकडातून उगवलेली! तिनं ती उपटली, नि दुपारी पुन्हा काश्या खोचून आली. दुसऱ्या सकाळी हरळी कुठं? पिठाच्या डब्यात! आता मात्र हौसा घाबरली. पण तेवढ्यात बांधावरून कुणीतरी म्हणालं, "वा बायजा!" झालं. भीती राहिली बाजूला, नि हौसा तिसऱ्यांदा गेली.

तिसऱ्या सकाळी वेणी घालायला बसली, तर केसांत हरळी. हिरवीगार, वीतभर! उपटली तर दुप्पट झाली. मग पदर घट्ट ओढून पाण्याला निघाली, तर गावातल्या शेळ्या मागोमाग, में में करत. एकीनं तर पदरच ओढला. बायका खो खो हसल्या. हौसा रडत पळाली, ती थेट बायजाच्या वाडीत शिरली.

"आक्का, हे काय झालं?" बायजानं विचारलं.

मग हौसानं मान खाली घातली. म्हणाली, "तुझं चांगलं मला बघवेना गं. तीनदा हरळी खोचली मी तुझ्या वाडीत."

बायजाचा चेहरा लाल झाला. हातातलं खुरपं तिनं बाजूला टाकलं. मग म्हणाली, "बसा खाली." नि एकेक काडी उपटायला लागली.

"आई गं! हळू ना!"

"दुखू दे जरा," बायजा म्हणाली.

आणि काय नवल! बायजाच्या हातानं उपटलेली काडी पुन्हा उगवेना. डोकं साफ झालं, तशी बायजा उठली. "चला, आता तुमची वाडी खुरपू."

पुढच्या साली हौसाचीही कलिंगडं मोठी झाली. पण बायजाची जरा जास्तच, बरं का. हौसाचा जीव अजून जळायचा, नाही असं नाही. मग ती सरळ सांगायची, "बायजे, ते कलिंगड बघून जळतेय हो मी." नि बायजा हसून नेमकं तेच फोडायची. दोघी बांधावर बसून खायच्या, हनुवटीवरून रस गळेपर्यंत.

अशा त्या दोघी सुखानं राहिल्या. तुम्हीही आता सुखानं निजा. आणि पांघरूण ओढायचं नाही हं एकमेकांचं!