औषधविक्रेत्याचे मौन

एका बाजारगावात भालचंद्र केळुसकर नावाचे एक औषधविक्रेते राहत असत. औषध कसे व केव्हा घ्यावे, हे प्रत्येक पुडीवर ते स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून देत. गावकरी त्यांना ‘डॉक्टर’ म्हणत, आणि ते कोणाची चूक दुरुस्त करीत नसत.

एकनाथ नावाचा एक शिंपी दर सोमवारी त्यांच्याकडे खोकल्याचे औषध न्यायला येई. तो पायरीशी पोहोचण्याआधी सिगारेटचा वास दुकानात पोहोचे. एकदा तो म्हणाला, “डॉक्टर, बाटली संपते, खोकला काही संपत नाही. माझ्याकडून कुठे चुकतंय का?”

केळुसकरांना उत्तर ठाऊक होते. पण त्यांनी विचार केला, खरे सांगावे तर हा दुखावेल आणि समोरच्या दुकानाची पायरी चढेल. शिवाय पाकिटावर सरकारने सडक्या फुप्फुसाचे चित्र छापलेच आहे. जे चित्र पाहून उमगत नाही, ते माझ्या बोलण्याने काय उमगणार?

“हवा वाईट आहे,” ते म्हणाले. “औषध बदलून देतो.”

त्याच वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी औषधविक्रेत्यांची सभा भरली. लोकांची सिगारेट सुटावी म्हणून काय करावे, असा प्रश्न निघाला. केळुसकर उठून म्हणाले, “पाकिटावरचं चित्र दुप्पट मोठं करावं. अक्षरं ठळक करावीत.” टाळ्या पडल्या. आरोग्य खात्याच्या एका बाईंनी विचारले, “आणि तुम्ही स्वतः गिऱ्हाइकाला काय सांगता?”

“बाई, आम्ही औषधं विकतो, कीर्तनं करत नाही.”

सभेत हशा पिकला. बाई मात्र हसल्या नाहीत.

दिवाळीनंतर एकनाथ येईनासा झाला. चौथ्या सोमवारी त्याची बायको द्वारका आली. तिचे कपाळ मोकळे होते. तिने पिशवीतून दोन न फोडलेल्या बाटल्या काढून फळीवर ठेवल्या.

“पैसे नकोत. कोणा गरिबाला द्या. मोठ्या इस्पितळात नेलं, तोवर छातीत काही उरलं नव्हतं.”

केळुसकर हळहळले. “पाकिटावर एवढं मोठं चित्र असतं, वहिनी. तरी माणसं ऐकत नाहीत.”

“पाकीट कधी घरात आलंच नाही. टपरीवर एकेक सुटी घ्यायचे.” तिचा आवाज चढला नाही. “तुम्ही एकदा पुडीवर ‘दुधाबरोबर घेऊ नये’ असं लिहिलंत. तर महिनाभर चहासुद्धा कोरा प्यायले. माझं ऐकत नसत, डॉक्टर. तुमचं ऐकत होते.”

द्वारका पायऱ्या उतरून गेली.

थोड्या वेळाने केळुसकरांनी त्या बाटल्या उचलल्या, उजेडात धरून त्यांची मुदत वाचली, आणि विक्रीच्या कपाटात, इतर बाटल्यांच्या रांगेत, त्या नीट लावून ठेवल्या.

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, त्याने सांगण्याचे कर्तव्य छापील सूचनेवर ढकलू नये; त्याच्या मौनाची किंमत दुसऱ्याला प्राणांनी मोजावी लागते.