बाळंतिणीची सुंठ

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्या माणसांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की त्या राज्याचे नावही आता कोणाला आठवत नाही.

त्या राज्यात नदीकाठी कुंभारांची एक आळी होती. दिवाळीच्या तोंडावर आळीला आग लागली. घरे जळाली, चाके जळाली, भट्टीसाठी रचलेली लाकडेही जळाली. राजा मनाचा वाईट नव्हता. त्याने घरोघर तांब्याचे बिल्ले वाटले आणि दवंडी पिटवली, "बिल्ला दाखवा आणि बाजारातून लागेल ते घ्या. दुकानदाराचे दाम सरकार देईल."

आळीत येसाई नावाची विधवा राहत होती. तिची लेक वेणू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिला डोहाळे लागले होते. एक दिवस येसाईने बिल्ल्यावर जोंधळा घेतला, आणि लेकीसाठी एक नारळ आणि गुळाचा खडा घेतला.

नेमकी तिथून राज्याच्या कारभाऱ्याची पालखी चालली होती. त्याने नारळ पाहिला आणि त्याचे डोके फिरले.

संध्याकाळी तो राजाला म्हणाला, "महाराज, आपण जगायला दिलं आणि हे लोक चैन करतायत. गरिबाला खर्च करायची अक्कल नसते, म्हणून तर तो गरीब राहतो."

राजाने आळीत जाऊन पाहिले नाही, कोणाला विचारले नाही. त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून नियम झाला : बिल्ल्यावर फक्त जोंधळा आणि मीठ. शिपाई आळीत नव्याने उभारलेल्या खोपटांत शिरून मडक्यांवरची झाकणे उचलू लागले. बायका चुलीपाशी माना खाली घालून उभ्या राहत.

बिल्ल्यावर चाक मिळेना, म्हणून धंदा उभा राहीना. लाकूड मिळेना, म्हणून भाकरी भाजता येईना. घरात जोंधळा होता आणि लोक तो भिजवून कच्चा चावत होते. कारभाऱ्याच्या हिशेबी मात्र सगळे शिस्तीत चालले होते.

ऐन थंडीत वेणू बाळंत झाली. मुलगी झाली. पण वेणूला हुडहुडी भरली, ती थांबेना. सुईण म्हणाली, "येसाई, हिला ऊब पाहिजे. शेकायला लाकूड आण, अंगाला तेल आण. सुंठ-गुळाचं कढत पाणी पोटात जाऊ दे. उशीर करू नकोस."

येसाई धावत बाजारात गेली. दुकानदार तिला ओळखत होता. तो हळूच म्हणाला, "बाई, सुंठ दिली तर माझं दुकान जाईल. बिल्ल्यावर जोंधळाच."

मग तिने घरातला जोंधळा पदरात बांधून आणला आणि एका म्हातारीला देऊन तिच्याकडून सुंठ आणि थोडे तेल घेतले. तेवढ्यात शिपायाने तिचा हात धरला. सरकारी धान्य बदलून घेतले, हा गुन्हा. तिने पाया पडून सांगितले, "लेकीला एवढं देऊन येते, मग कुठंही न्या." शिपायाने ऐकले नाही. सुंठ जप्त झाली आणि येसाईला चावडीत कोंडले.

सकाळी शेजारीण येसाईच्या तान्ह्या नातीला कुशीत घेऊन चावडीशी आली. तिला काही बोलावे लागले नाही. वेणू गेली होती.

येसाईला दरबारात उभे केले. राजाने विचारले, "नियम ठाऊक नव्हता का?"

"ठाऊक होता, महाराज."

"मग का मोडलास?"

"बाळंतीण थंडीनं मरत होती."

राजा गडबडून म्हणाला, "हिला सोडा. बाई, आधी घरी जा, लेकीला बघ."

"आता घाई नाही," येसाई म्हणाली. "रात्रीच गेली ती."

कारभारी पुटपुटला, "नियम सगळ्यांना सारखा असतो."

येसाई त्याच्याकडे वळली. "आग घराला लागली होती, कारभारी. अकलेला नाही. दिवाळीआधी मी माझं घर चालवत होते, लेकीचं लग्न केलं होतं, भट्टीचा कर भरत होते. घर जळालं आणि मला काय हवं ते तुम्हाला जास्त कळायला लागलं?"

मग ती राजाला म्हणाली, "आमच्या करातून तुमच्या हत्तीला जरीची झूल झाली. तेव्हा आम्ही कधी तुमच्या वाड्यात येऊन झाकणं उचलली नाहीत, महाराज."

राजाने तिथेच नियम मोडीत काढला आणि कारभाऱ्याला पदावरून दूर केले. नंतर तो सिंहासनावरून उतरला आणि बिल्ल्यांची थैली येसाईपुढे धरली. येसाईने ती घेतली, कारण नातीला दूध लागणार होते. तिने मुजरा केला नाही. मुजरा कर, असे तिला सांगायची कोणाची छाती झाली नाही.

त्या वर्षी कुंभारांनी चाके घेतली, लाकडे घेतली, आळी पुन्हा उभी राहिली. वेणू मात्र परत आली नाही.

तात्पर्य : ज्याला मदत करता त्याच्या शहाणपणावर विश्वास ठेवा, पहारा बसवून दिलेली मदत माणसाला जगवत नाही, त्याचा जीव घेते.