खुंटीला टांगलेली हलगी

एका नदीच्या काठी दोन गावं होती. एक वरच्या अंगाला, एक खालच्या. दोन्ही गावांचा राजा एकच, पण राजधानी तीन दिवसांच्या वाटेवर. म्हणून त्या मुलखात एक रीत पडून गेली होती. राजाचा हुकूम घेऊन स्वार यायचा, कागद गावच्या प्रमुखाच्या हाती द्यायचा. प्रमुखानं मान हलवली की हलगीवाला गल्लोगल्ली दवंडी द्यायचा. दवंडी झाली की हुकूम लागू. आणि नाहीच झाली तर? तसं कधी घडलंच नव्हतं, त्यामुळे कोणाच्या डोक्यातही ते आलं नव्हतं.

खालच्या गावचा पाटील मोठा बोलका. माणूस वाईट नव्हता बरं का! पण चार जणांनी "वा पाटील, वा!" म्हटलं की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मग आपण काय बोलतोय याचं त्याला भान राहायचं नाही.

एका वर्षी ऐन पेरणीच्या तोंडावर हुकूम आला. राणीसाहेबांसाठी तळं खोदायचंय, घरटी एक बैलजोडी महिनाभर राजधानीला पाठवा. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आता कुळवाला काय आम्ही जुंपून घ्यायचं?" बायामाणसं चावडीवर येऊन विचारू लागली.

हुकूम अन्यायाचाच होता, त्यात शंका नको. पाटलानं राजापुढं उभं राहून तसं सांगायला हवं होतं. पण तीन दिवसांची पायपीट, वर राजाचा राग! त्यापेक्षा त्यानं सोपी वाट काढली. हलगीवाल्याच्या हातातली हलगी घेतली आणि चावडीतल्या खुंटीला टांगून दिली.

"हलगी वाजली नाही, म्हणजे हुकूम आलाच नाही!" पाटील गरजला. "आपल्या वेशीच्या आत आपलीच सत्ता!"

पुढं राणीची लहर फिरली की काय कोण जाणे, तळं बारगळलं आणि बैल न्यायला कोणी आलंच नाही. मग काय विचारता! गावानं पाटलाला खांद्यावर घेतलं. वरच्या गावची प्रमुख एक वयस्क बाई होती, सगळे तिला कारभारीणबाई म्हणायचे. तिनंही पाटलाला आपल्या चावडीवर मानानं बोलावलं.

समोर एवढी माणसं बघून पाटील भलताच रंगात आला. "हुकूम चांगला का वाईट, हे बघायचंच नाही! मनाला आला तर हलगी वाजवा, नाही आला तर टांगा खुंटीला. हा गावाचा हक्क आहे!"

टाळ्या काही थांबेनात.

दोन वर्षं गेली. राजाचा जुना दिवाण गेला आणि त्याच्या जागी आला पाटलाचा सख्खा व्याही. झालं! पाटलाची भाषाच बदलली. आता राजधानीहून साधा कागद आला तरी तो दोन-दोनदा दवंडी द्यायला लावी. कोणी कुरकुरलं तर म्हणे, "अरे, राज्य म्हटलं की कायदा आलाच. जो तो आपली हलगी टांगायला लागला तर राज्य चालायचं कसं?"

"आपला तो बाब्या अन् दुसऱ्याचं ते कार्टं," मागं बसलेला एक म्हातारा पुटपुटला. पाटलाला ते नीट ऐकू आलं होतं. पण त्यानं न ऐकल्यासारखं केलं.

त्याच उन्हाळ्यात मुलखात गुरांची साथ आली. बुळकांडी म्हणजे गुरांचा काळच. राजधानीहून हुकूम सुटला: आजारी जनावर वस्तीबाहेर बांधा, नदीवर आणू नका, पाणी घागरीनं नेऊन पाजा. हुकूम शहाणपणाचा होता. खालच्या गावात दवंडी झाली आणि लोकांनी तो पाळला. वरच्या गावात मात्र चारच गुरं आजारी होती, आणि चढावर घागरी कोण वाहणार? तिथल्या लोकांनी हलगी टांगली आणि आजारी गुरं खुशाल नदीवर सोडली. नदीला कुठली आलीय वेस? पाणी खाली आलं, त्याच्याबरोबर रोग आला.

पाटील तणतणत वरच्या गावी गेला. "कारभारीणबाई, हा काय पोरखेळ लावलाय? राजाचा कायदा मोडता?"

"या, बसा," ती म्हणाली. "मी काल सगळ्यांच्या हातापाया पडले, पाटील. ते म्हणाले, खालच्या पाटलांनीच सांगितलंय, चांगला का वाईट बघायचं नाही, मनाला येईल तसं करायचं."

"ती गोष्ट वेगळी होती!"

"वेगळी होतीच. तेव्हाचा हुकूम वाईट होता, आताचा चांगला आहे. पण तुम्ही तसं कुठं सांगितलंत? या चावडीवर उभे राहा आणि एवढंच म्हणा, मी तेव्हा चुकीचं बोललो. लोक तुमचं ऐकतील. माझं नाही ऐकत."

पाटलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यापुढं चूक कबूल करायची? "त्याची काही गरज नाही," तो म्हणाला. "मी व्याह्यांकडून शिपाई आणतो!"

तीन दिवस जायला, तीन दिवस यायला. व्याह्यांनी पाहुणचार झकास केला, शिपायांचं मात्र "बघू, बघू" म्हणाले. सातव्या दिवशी पाटील हात हलवत परतला.

गावात शिरला तर कितीतरी गोठ्यांतून घंटेचा आवाज नाही. वेशीजवळच एका विधवा बाईचं घर होतं. एकाच म्हशीच्या दुधावर तिनं दोन लेकरं वाढवली होती. ती रिकाम्या दाव्याजवळ बसली होती.

"आलात पाटील?" ती उठून उभी राहिली. "तुमची बैलजोडी बरी आहे हो. तुमच्या परसात विहीर आहे म्हणून वाचली. देवाची कृपा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर पाटलाला उत्तर देता आलं असतं.

"वरच्या गावाला सांगायला गेला होतात ना तुम्ही?" तिनं विचारलं. "ते ऐकेचनात का?"

पाटील तिच्या तोंडाकडे बघू शकेना. ते ऐकायला तयार होते. एक वाक्य बोलायचं होतं, आणि आपल्या फेट्याचा तुरा वाकेल म्हणून त्यानं ते गिळलं होतं. सात दिवसांत गावातली निम्मी गुरं गेली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

तो घरी गेलाच नाही. तसाच मागं वळला, भर उन्हात वरच्या गावच्या चावडीवर जाऊन उभा राहिला. फेटा काढून हातात घेतला.

"मी तुम्हाला खोटं शिकवलं," तो म्हणाला. "बैलांचा हुकूम अन्यायाचा होता. ते राजाच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून हक्काची भाषा केली. मग व्याही दिवाण झाले आणि मी कायद्याची भाषा केली. दोन्ही वेळा मी फक्त माझी सोय बघितली. माझी लाज वाटते मला. पण ही गुरं आवरा. हा हुकूम चांगला आहे."

कोणी टाळी वाजवली नाही. कारभारीणबाईनं हलगी काढून हलगीवाल्याच्या हातात दिली. त्या संध्याकाळी नदीवर एकही आजारी जनावर आलं नाही आणि पंधरा दिवसांत साथ ओसरली.

पुढं पोळा आला. रीतीप्रमाणे मिरवणुकीत पहिला मान पाटलाच्या बैलांचा. दरवर्षी रस्ता भरून जायचा, यंदा मागं मोजकीच जनावरं होती. पाटलाची जोडी तेवढी धष्टपुष्ट, झुली पांघरून उभी. बाकीचे लोक मातीचे बैल पाटावर घेऊन दारात थांबले होते. पाटलाचा पाय काही वेशीवरच्या तोरणाखालून पुढं पडेना.

तेवढ्यात ती विधवा बाई हळूच म्हणाली, "चला पाटील, मागची माणसं खोळंबलीत."

आणि पाटील मान खाली घालून, सबंध गावासमोरून, आपली जिवंत जोडी घेऊन चालत गेला.

तात्पर्य काय, तर हुकूम कोणाचा आहे हे बघून तो पाळू वा मोडू नये. तो न्यायाचा आहे का ते बघावं. आणि मोडायचाच झाला तर कारण तोंडावर सांगायची हिंमत ठेवावी, नाही तर आपल्या सोयीची किंमत दुसऱ्याच्या गोठ्याला मोजावी लागते.