सात पाणवठ्यांची गणती

चैत्र वद्य पंचमी. आकाश निरभ्र, दुपारनंतर पश्चिमेचा कोरडा वारा. भद्रपुरात महीसेन राजा राज्य करीत होता, आणि बोधिसत्त्व सोमिल नावाने जन्म घेऊन धूम्रकूट पर्वतावरच्या अभयवनाचे रक्षक झाले होते.

वनात पाचशेहून अधिक गवे भरले, तर वैशाखी पौर्णिमेपासून शिकार खुली करायची असे राजाने ठरवले होते. अमात्य पिंगलाने सात पाणवठ्यांवर सात दिवसांत गणती करवली. गवे भरले सहाशे बारा. आता फक्त रक्षकाची मुद्रा हवी होती.

"मुद्रा उमटवा," पिंगल म्हणाला. "वनाधिपतीची जागा तुमच्यासाठी रिकामीच आहे."

"आधी गवे पाहून येतो."

"त्यात पाहायचं काय? शिंगं असतात, शेपूट असतं."

बोधिसत्त्व डोंगर चढू लागले. सोबत म्हातारा रखवालदार दंडिक होता. पायथ्याच्या पाणवठ्यावर चौऱ्याऐंशी गवे आले. पुढे उजवा कान फाटलेली, डाव्या शिंगाचे टोक मोडलेली गाय होती. कळप निघाला तसे दोघेही मागोमाग निघाले. जांभळीच्या गर्द रानात शेकरू डहाळीवरून डहाळीवर झेपावत होते. उंबरावर धनेशाची जोडी फळे खात होती. ओल्या मातीत बिबट्याचा ताजा माग होता. दुसऱ्या दिवशी कळप दुसऱ्या पाणवठ्यावर पोचला. पुढे तीच गाय. तिसऱ्या दिवशी कडा चढून तिसऱ्या पाणवठ्यावर, पुन्हा तीच. एका पाणवठ्यावरून दुसऱ्यावर जायला कळपाला पुरा दिवस लागत होता.

बोधिसत्त्व म्हणाले, "दंडिकबाबा, गणती करणारेही याच वाटेने रोज एक पाणवठा वर चढले."

दंडिक गुडघे चोळत हसला. "म्हणजे माझी सासू सात दारांत दिसली, तर मला सासवा सात! नको रे बाबा."

बोधिसत्त्व थेट दरबारात गेले. "महाराज, सातही पाणवठ्यांवर एकाच दिवशी माणसे बसवा. तोवर मी मुद्रा उमटवणार नाही."

"पद जाईल," पिंगल म्हणाला.

"जाऊ द्या. गव्यांचा जीव जायला नको."

राजा म्हणाला, "पायथ्याला मी स्वतः बसतो."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत गणती झाली. सर्वांत वरच्या पाणवठ्याचा कडा चढायला कोणी तयार होईना, म्हणून तिथे बोधिसत्त्व गेले. पिंगलाच्या नोंदीत पायथ्याला एक्क्याण्णव गवे होते. राजाला दिवसभरात एकही दिसला नाही. चौथ्या पाणवठ्यावर पिंगलाच्याच माणसाने चौऱ्याऐंशी मोजले. दुसऱ्या, पाचव्या आणि सातव्या पाणवठ्यांवर मिळून नऊ एकटे नर आले. तिसऱ्यावर आणि सहाव्यावर काही आले नाही.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, पूर्वजन्म उलगडला. तेव्हाचा राजा म्हणजे आजचा भिक्षू सुप्रभ, दंडिक म्हणजे भिक्षू गोदत्त, पिंगल म्हणजे समोर बसलेला उपासक कालिक, आणि सोमिल ते स्वतः. त्या जन्मी परिपूर्ण झालेला गुण, म्हणजे पारमिता, अधिष्ठानाची, अढळ निश्चयाची.

एकूण गवे त्र्याण्णव भरले. शिकार खुली झाली नाही.