नागीबायने रोखलेल्या होड्या

चैत्रात खडपी बेटाच्या उत्तर पुळणीवर जवळा वाळत पडलेला असतो आणि राखायला कुणीही नसतं. उत्तरेकडे परत निघालेली कुरव, चिखल्या अशी पाखरं हवा फिरली की इथे उतरतात, खुशाल खातात. पाहुणे हळहळतात. एखादा शहाणा वरून जाळी टाकायचा सल्लाही देतो. मग ऐंशी वर्षांचे काथोड नाखवा त्याला वाळूत बसवतात. अडाण्यांचा खुळेपणा म्हणून हसणाऱ्यांनी त्यांचं आधी ऐकावं.

फार पूर्वी, म्हणे, नागीबाय नावाची कोळीण इथे पाखरं हाकलायची. दगड भिरकावला की थवा उठायचा. एका चैत्रात सकाळीच थवा आपणहून उठला, समुद्रावर दूर गेला आणि माघारी येऊन बसला. तिने दगड मारले. पाखरं बाजूला सरली, पण उठली नाहीत.

आभाळ स्वच्छ होतं. अकरा होड्या निघायच्या बेतात होत्या आणि पहिली होडी तिच्या नवऱ्याची, गोमा तांडेलाची. तिने त्याला अडवलं. तो हसला. "तुझा जवळा खाऊन जड झाली असतील."

"ज्यांना हजार कोस जायचंय ती माघारी आली," ती म्हणाली. "तुमाला कसली घाई?"

कुणी ऐकेना. तांडेलाच्या पुढे दुसरी होडी जात नसे, म्हणून तिने त्याच्याच होडीचं सुकाणू काढलं, वाळूत टाकलं आणि त्यावर बसली. दिवस मावळेपर्यंत वारा फिरला नाही तर मला कायमचं माहेरी धाडा, असं तिने साऱ्यांसमोर सांगितलं. दुपार झाली, ऊन तसंच. बायकांनीही टोमणे मारले. एकीने तर तिच्या लुगड्यांचं गाठोडं बांधून समोर आणून ठेवलं, असं सांगतात.

तिसऱ्या प्रहरी नैर्ऋत्येला आभाळ काळवंडलं आणि वादळ आलं. समोरच्या किनाऱ्यावरून गेलेल्या दोन होड्या परतल्याच नाहीत.

पाऊस थांबल्यावर गोमा तांडेलाने जवळ्याची टोपली भिजलेल्या पाखरांपुढे ओतली. नागीबायने सवयीने दगड उचलला होता. तो त्याने तिच्या हातातून काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे. आपलीच हायत ती."

आजही चैत्रात प्रत्येक होडीचं सुकाणू घरात, बाईच्या ताब्यात असतं. थवा उत्तरेला गेलेला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, की ती ते खांद्यावर घेऊन पुळणीवर येते. तोवर केवढाही मोठा तांडेल असो, तिची वाट बघत उभा राहतो.