ठकूआत्याचा थोरला

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती फार, ते विचारू नका. दरवेळी कुणीतरी विचारतं आणि गोष्ट तिथंच अडते. सीना नदीच्या काठी हिवरधोंडी नावाचं गाव. तेव्हा तिथं वीज नव्हती, पक्की सडक नव्हती, पण ठकूबाई लोहार होती. लोहाराची लेक, लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन माहेरी आलेली, म्हणून सगळ्या गावाची आत्या. बापाच्या भात्यापाशी बसून ती फाळ ठोकायला शिकली होती. असं म्हणतात, तिच्या हातोडीचा आवाज वेशीपर्यंत जाई आणि तोंडाचा पुढच्या गावापर्यंत.

एका वर्षी गावात ढोरांचा रोग आला. पंधरा दिवसांत दावणी रिकाम्या झाल्या. रब्बीचा जोंधळा आता पेरायचा कशानं, म्हणून माणसं पारावर डोकं धरून बसली. बसण्यात आमचं गाव पहिल्यापासून हुशार.

ठकूआत्या मात्र उठून ओढ्याकडे गेली. तिथं बाभळीच्या झुडपात एक ट्रॅक्टर पडलेला होता. कुणा बड्या जमीनदारानं विलायतेहून बोटीनं आणवलेला आणि बिघडल्यावर तिथंच टाकून दिलेला. वीस पावसाळे अंगावर घेऊन तो गंजानं तांबडा झाला होता. धुराड्यात खारीचं घरटं, बसायच्या जागेखाली वारूळ. गावानं त्याचं नाव ‘थोरला’ ठेवलं होतं, कारण तो नुसता बसून असायचा. असं म्हणतात, ठकूआत्यानं वारुळातल्या नागाला हात जोडून दुसरीकडे जायला सांगितलं, आणि नाग गेला. तिच्या तोंडी लागण्यापेक्षा ते बरं, असं त्याला वाटलं असावं.

तिनं आपली जुनी लुगडी अंथरली, थोरल्याचा एकेक भाग सोडवला आणि ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं मांडला. अडकलेल्या पिस्टनवर रॉकेल ओतून नऊ दिवस वाट पाहिली. दहाव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारली, तेव्हा तो बोटभर हलला. इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग कुजून गेलं होतं. तसलं दुसरं कुठं मिळणार? तिनं लग्नातलं तांब्याचं घंगाळ आणलं, कापलं, आणि त्या पत्र्याचं पॅकिंग केलं. लोक बघायला जमत आणि सल्ले देत. हात कुणी लावत नसे.

सतराव्या दिवशी तिनं हँडल मारलं. हँडल उलटं आलं आणि तिचं उजवं मनगट मोडलं. दुसऱ्यांदा तिनं ते डाव्या हातानं मारलं. थोरला खोकला, काळा धूर ओकला आणि चालू झाला. त्या साली गावातल्या शेताची एकही पट्टी पडीक राहिली नाही.

खरा वैताग इथून पुढं सुरू होतो.

ठकूआत्यानं सगळ्यांना उभं करून सांगितलं, “रोज सकाळी हँडल मारायच्या आधी ऑइलची पट्टी काडून पुसायची, परत घालून ऑइल किती हाय ते बगायचं. पाणी बगायचं. हवा गाळायच्या डब्यातली माती काडायची. एवढंच. तुमच्या म्हशीला इचारता तेवढं ह्याला इचारा.”

“व्हय आत्या,” सगळे म्हणाले.

आणि कुणीही केलं नाही. थोरल्याला झूल शिवली. शिंगांसारखे दोन बांबू लावून त्यांना गोंडे बांधले. गळ्यात घुंगरमाळ घातली. थोरला आहे म्हणून कुणी पुन्हा बैलही घेतले नाहीत. पण ऑइलची पट्टी काही कुणी काढली नाही. रोज पहाटे ठकूआत्याच काढायची, पुसायची, बघायची, ग्रीस भरायची, नटबोल्ट आवळायची आणि गावाचा उद्धार करायची. अशी सात वर्षं गेली. तिचं मनगट वाकडंच राहिलं होतं. एकदा म्हणाली, “मी मेल्यावर ह्येचं काय करनार रं तुमी?” तर माणसं म्हणाली, “असं अभद्र बोलू नये आत्या.” विषय संपला! डोक्याला हात लावायचा, दुसरं काय.

आठव्या वर्षी नवरात्रात ती तुळजापूरला गेली. तीनच दिवस. पण त्या तीन दिवसांत खंडेनवमी आली, हत्यारांची पूजा आली. गावच्या मारुतीचा पुजारी अंबऋषी गुरव याला भक्तीचा उमाळा आला. तो म्हणाला, “देवाच्या मुखात पंचामृत घालतो आपण. थोरल्यानं गावाला खायला घातलं, त्याचं मुख कोरडं का?”

थोरल्याचं मुख म्हणजे कोणतं, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी पाणी भरायचं झाकण उघडून, आतलं पाणी सोडून देऊन, दूध, दही, तूप, मध आणि साखर यांची अख्खी घागर त्यात ओतली. मंत्र म्हणून ओतली. मग हँडल मारून मिरवणूक काढली.

मारुतीच्या देवळापर्यंत जाईजाईतो थोरल्याच्या तोंडातून वाफ निघायला लागली. वाफेला बासुंदीचा वास होता. लोकांनी आरतीवर हात फिरवावे तसे त्या वाफेवरून फिरवून तोंडाला लावले. हसू नका, आपलेच पणजोबा होते त्यात. मग आतून एक मोठा आवाज आला, इंजिनाच्या डोक्यापासून पांढरा फेस उडाला आणि थोरला जागच्या जागी बंद पडला.

दुसऱ्या दिवशी ठकूआत्या परतली. हस्ताचा पाऊस नुकताच होऊन गेला होता. जमिनीला वाफसा आला होता, म्हणजे ती धड चिखल नाही, धड कोरडी नाही, पेरायला नेमकी. असा वाफसा पाच दिवस टिकतो. तेवढ्यात पेरलं तर वर्षाची भाकरी, नाहीतर गाव सोडून जायचं. आणि गावात बैल एकही नव्हता.

तिनं झाकण उघडून वास घेतला. गाव शिव्यांची वाट बघत उभं राहिलं. शिव्या आल्या नाहीत, तेव्हा माणसं पहिल्यांदा घाबरली.

“ह्याला देव करू नगा,” ती हळू म्हणाली. “देवाला उपाशी ठिवलं तरी त्यो रागवत न्हाई. ह्यो मरतो.”

मग तिनं कामं लावली. रिठ्याच्या गरम पाण्याच्या एकवीस घागरी आतून फिरवल्या. रेडिएटरची एकेक नळी खराट्याच्या काडीनं साफ करून घेतली, तीही ज्यांनी घागर ओतली त्यांच्याकडून. दोन दिवस त्यातच गेले. डोक्याखालचं पॅकिंग मात्र फाटलं होतं, आणि आता तिच्याकडं घंगाळ नव्हतं. तिनं अंबऋषीकडं बघितलं. देवळात अभिषेकाचं तांब्याचं मोठं जाड ताम्हण होतं.

“आत्या, देवाचं ताम्हण हाय!” तो रडकुंडीला आला.

“इचार मग देवाला, गाव जगवायचं का ताम्हण.”

अंबऋषी देवळात जाऊन बसला. ताम्हण छातीशी धरून बाहेर आला आणि त्यानं ते स्वतःच्या हातानं तिच्या कात्रीखाली धरलं.

उरले तीन दिवस. थोरल्यामागं पेरणीच्या दोन पाभरी बांधून ठकूआत्या बसली. असं म्हणतात, दुसऱ्या दिवशी डिझेल संपलं आणि थोरला तिच्या शिव्यांवर चालला. असं म्हणतात, तिसऱ्या दिवशी शेताची शेवटची पट्टी राहिली तेव्हा सूर्य टेकाडावर टेकून उभा राहिला, कारण आत्यानं त्यालाही सोडलं नव्हतं. पेरणीच्या शेवटच्या ओळीचं तास पडलं. ती खाली उतरली आणि म्हणाली, “मी दमले. उद्यापासनं मी येनार न्हाई.”

आणि ती खरोखर आली नाही.

दुसऱ्या सकाळी सगळे थोरल्याभोवती उभे राहिले. मग अंबऋषी पुढं झाला. त्यानं ऑइलची पट्टी काढली, आपल्या पांढऱ्या उपरण्याला पुसली, परत घालून काढली, नीट बघितली. लोहाराच्या घराकडं तोंड करून तो ओरडला, “आत्या, बगितलं!”

उत्तर नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रोज कुणीतरी बघत होतं, रोज ओरडत होतं. एकदा एकानं न बघताच हाक मारली, तर घरातून खलबत्ता उडत आला. असं म्हणतात, चाळिसाव्या सकाळी दाराआडून एकच शब्द आला, “बरं.” तो ऐकून अंबऋषी चाकापाशी बसून रडला.

ती अजून अकरा वर्षं जगली आणि रोज सकाळी तेवढं ‘बरं’ म्हणाली. ती गेली त्या सकाळी थोरला चालू होईना. पट्टी पाहिली, पाणी पाहिलं, सगळं ठीक होतं. शेवटी कुणीतरी तिच्या रिकाम्या घराकडं बघून हाक मारली, आणि अर्ध्या हँडलात तो सुरू झाला.

आता हिवरधोंडीत चाळीस ट्रॅक्टर आहेत. ऑइल कमी झालं की दिवा लावणारे आहेत, सेल्फ मारला की सुरू होणारे आहेत. तरी रोज सकाळी चाळीसही जण पट्टी काढतात, आपल्याच अंगावरच्या कपड्याला पुसतात, बायकांची बोलणी खातात, आणि लोहाराचं घर होतं त्या मोकळ्या जागेकडं तोंड करून ओरडतात, “आत्या, बगितलं!” मग एक म्हातारं माणूस ‘बरं’ म्हणेल तेवढा वेळ गप्प उभे राहतात.