हरलेली बाजू

आंबेरी संस्थानात चंद्राई नावाची सुईण होती. बुद्धिबळात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका सकाळी राजेसाहेबांनी तिला डावाला बसवलं आणि बजावलं, "डाव संपल्याशिवाय उठायचं नाही. मुद्दाम हरलीस तर कैद!"

डाव रंगात आला, तोच निरोप आला. कुंभारवाड्यातली तुळसा अडली होती, बाळ पायाळू होतं. चंद्राईला तातडीनं जायला हवं होतं. तिची बाजू वरचढ होती, पण राजे एकेका खेळीला घटकाभर लावत होते. वर फुशारकी होतीच, "तुझ्या जागी मी असतो, तर केव्हाच मात केली असती!"

"मग घ्या की माझी बाजू, सरकार. तुमची मी खेळते."

राजे खुशीत जागा बदलून बसले. चंद्राईनं लगेच आपला राजा पटावर आडवा केला. "हरले. येते मी."

"मुद्दाम हरलीस!" राजे गरजले.

"सरकार, ही बाजू वाचत असेल तर दाखवा, मी बसते. नाही तर माझ्या हाती येण्याआधी ती कुणी हरवली, तेवढं सांगा."

राजांनी पटावर दोन-चार खेळ्या लावून पाहिल्या; बाजू काही वाचेना. मग ओरडले, "अरे, हिला घोडागाडी जोडा!"

दुपारच्या आत तुळसा सुखरूप बाळंत झाली.